एटलेबेन

शशीबेन गद्रेंना आमच्या शाळेत सगळे मागून 'एटलेबेन' म्हणत. हे नाव मी पाडलं. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलण्यात अर्थ नाही. नावं पाडण्यात त्या स्टाफरूममध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं. गुजरातीत 'एटले' म्हणजे आपलं 'म्हणजे'. शशीबेन दर दोन वाक्यांमागे समोरच्याला विचारायच्या, "एटले?" पोरांना, शिपायाला, आचार्यांना, कुणालाही. माझ्याशी मराठीत बोलायच्या, पण तिथंही तेच. मी म्हटलं, "आज बस उशिरा आली," की लगेच, "उशिरा म्हणजे?" अहो, उशिरा म्हणजे उशिरा! सकाळी सकाळी माणसाचं डोकं उठायचं.

आमची शाळा बडोद्यात, मांडवीच्या अलीकडे. गुजराती माध्यमाची, मुलामुलींची एकत्र. स्टाफमध्ये मराठी आम्ही दोघीच. मी अस्सल बडोदेकर. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यानंतर घरात कुणी तलवार धरली नाही, पण आवाज मात्र सगळ्यांचे फौजेतले राहिले. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि भांडण तर मला गुजरातीतच जमतं. शशीबेन सांगलीच्या. लग्न होऊन इथे आल्या. त्यांचं गुजराती म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'छे' चिकटवलेलं. पोरं हसायची. त्या थांबून विचारायच्या, "मग कसं म्हणायचं?" आणि पोरांनी सांगितलेलं वहीत लिहून घ्यायच्या. निवृत्त होईपर्यंत ती वही होती त्यांच्याकडे.

त्यांच्या सासरचं मराठीही आमच्यासारखंच, निम्मं गुजराती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "शशी, अंगणातला कचरा वाळून टाक गं." गुजरातीत कचरा वाळणं म्हणजे केर काढणं. ही बिचारी सांगलीची. तिनं सगळा पालापाचोळा गोळा केला, सुपात पसरला आणि उन्हात ठेवला. सासूबाई बाहेर येऊन बघतात, तर कचरा वाळत घातलेला आणि सूनबाई कावळे हाकलायला शेजारी बसलेल्या! ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, आणि मी पोट धरून हसायचे. त्याही हसायच्या, पण माझ्या आधी थांबायच्या.

उंच, किडकिडीत बाई. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. ते त्यांच्या नवऱ्याचं. नवरा चाळिशीतच गेला, मूलबाळ नाही, सासूबाईही गेल्या. गोत्रीला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जिन्यात 'केम छो बेन', 'मजामा', एवढंच शेजाऱ्यांशी. रविवारी दुपारी मला फोन यायचा. "काही नाही गं वंदना, सहज." मी म्हणायचे, "कुकर लावलाय, नंतर करते." नंतर मी कधी केला नाही. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच कंटाळा यायचा. अर्धं बोलणं त्यांच्या 'म्हणजे?'ला उत्तरं देण्यात जायचं.

त्या विज्ञान शिकवायच्या. प्रयोगशाळेचं दार त्यांनी कधी लावू दिलं नाही. दाराला एक वीट टेकवून ठेवायच्या, थंडीतही. वाऱ्यानं कागद उडतात अशी तक्रार झाली, तर त्यांनी कागदांवर ठेवायला आणखी चार विटा आणल्या.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे शनिवारचा शेवटचा तास. नववीचा. वेळापत्रकात त्याला 'जीवनकौशल्य' की असलं काहीतरी भारदस्त नाव होतं. इतर शिक्षक त्या तासाला वह्या तपासत. शशीबेन त्या तासाला मुलामुलींना शिकवायच्या की कुणी आपल्याला नको तिथे हात लावला, नको ते बोललं, नको ते दाखवलं, तर ते ओळखायचं कसं आणि सांगायचं कसं. ओळखण्यापेक्षा सांगण्यावर त्यांचा जोर. "ओळखता तुम्हाला येतंच," त्या मुलींना म्हणायच्या, "पोटात कळतं. तोंडात येत नाही." माझा वर्ग शेजारी, भिंत पातळ. माझं गणित बाजूला राहायचं, माझ्याही पोरांचे कान तिकडेच असायचे.

एकदा एका मुलानं लिहून दिलं की रिसेसमध्ये मुलीची ओढणी ओढली, पण 'ए तो मस्ती हती'. झालं! "मस्ती एटले?" तो म्हणाला, मस्ती म्हणजे हसण्याची गोष्ट. शशीबेन म्हणाल्या, बरं, कोण कोण हसलं त्यांची नावं फळ्यावर लिही. त्यानं पाच नावं लिहिली. पाचही मुलगे. "जिची ओढणी, तिचं नाव राहिलं का रे?" तो खडू हातात धरून उभा. त्या ओरडल्या नाहीत, बाहेर काढलं नाही. म्हणाल्या, "आठव. ती हसली असेल तर लिही." तास संपेपर्यंत तो उभा होता, आणि नाव काही लिहिलं नाही. पुढे तोच पोरगा इतरांना टोकायला लागला, 'मस्ती एटले?' म्हणून. आता बोला!

दुसरा एक प्रकार त्यांनी स्वतः काढलेला. त्याला त्या 'न ऐकणारा माणूस' म्हणायच्या. स्वतः टेबलाशी बसायच्या, समोर हजेरीपट उघडायचा, मान खाली. त्या आता मोठं माणूस: आई, आजी, आचार्य, कुणीही. मुलीनं पुढे यायचं आणि सांगायचं. मुलगी सांगे, "बेन, मला त्रास होतो." मान खालीच. "हं. लक्ष देऊ नकोस." मुलगी परत बाकावर निघाली की त्या म्हणायच्या, "निघालीस कुठे? मी ऐकलं का?" मुलगी पुन्हा. "तुझा गैरसमज झाला असेल." पुन्हा. "ते तुझ्या वडिलांसारखे आहेत." पुन्हा. कुणी, कुठे, काय केलं, हे तिन्ही एका वाक्यात आलं की मगच त्या मान वर करायच्या. कधी चार वेळा सांगावं लागे, कधी दहा. काही मुली रडायच्या. रडली तरी पाणी देऊन पुन्हा उभी करायच्या.

आणि ते 'न ऐकणं' त्या इतकं हुबेहूब करायच्या की भिंतीपलीकडून ऐकताना मलाच राग यायचा. एकदा मी म्हटलंही, "शशीबेन, नाटकात जायला हवं होतं तुम्ही. कसलं खरं वाटतं!"

त्या डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, "खरंच आहे ते."

मी म्हटलं, "म्हणजे?" पहिल्यांदाच मी त्यांना विचारलं.

परीक्षेचे दिवस होते, स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच पेपर तपासत होतो. लाल पेन हातात धरूनच त्यांनी सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष, मी तेव्हा शाळेत नव्हते. आठवीत मीना नावाची मुलगी होती, मराठी, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधली. बाप वर्कशॉपमध्ये. एक दिवस मधल्या सुट्टीत ही मुलगी शशीबेनपाशी आली. शाळेत मराठी बोलणारी बाई आली म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे आली. म्हणाली, "बेन, लॅबमध्ये सर मला अडतात."

मला ऐकताक्षणी कळलं. बडोद्यातल्या कुठल्याही मराठी पोराला कळेल. गुजरातीत अडवुं म्हणजे शिवणं, हात लावणं. आम्ही मराठी बोलतानाही सर्रास म्हणतो, गरम तव्याला अडू नकोस. पण सांगलीच्या कानाला ऐकू आलं, अडवतात. वाटेत थांबवतात. शशीबेन घाईत होत्या. म्हणाल्या, "अडवतात तर उभं राहावं. काय विचारतात त्याचं नीट उत्तर द्यावं. पळून काय जायचं?"

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"बरं म्हणाली. 'बरं, बेन.' आणि गेली."

वार्षिक परीक्षेनंतर मीनानं शाळा सोडली. त्यानंतर कधीतरी घरी, पाळीच्या दिवसांत, सासूबाई शशीबेनना म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीला अडू नकोस हं." यांनी विचारलं, अडू नकोस म्हणजे? सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, म्हणजे हात लावू नकोस! इतके महिने झाले, अजून शिकली नाहीस?" शशीबेन तशाच, साडी न बदलता बाहेर पडल्या, रिक्षा करून प्रतापनगरला. क्वार्टरमध्ये दुसरंच कुटुंब. बापाची बदली झालेली. कुणी म्हणे रतलाम, कुणी म्हणे आणखी कुठे. पत्ता कुणाकडे नव्हता.

"आणि ते सर?"

"तोवर निवृत्तही झाले होते. शाल, नारळ सगळं झालं. हार मी घातला. मला सांगितलं आचार्यांनी, नवीन बेन हार घालतील."

मी म्हटलं, "अहो, भाषेची चूक ती. तुम्हाला काय माहीत!" त्या म्हणाल्या, "म्हणजे काय, हे विचारायला काय लागलं असतं मला? एक शब्द." आणि पुढचा पेपर ओढला. मी त्यानंतर 'एटलेबेन' म्हणणं बंद केलं. पण तोवर नाव शाळेत रुळलं होतं.

आता पुढचं सांगायचं म्हणजे माझं सांगावं लागतं. नाइलाज आहे.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. शनिवारचाच तास. भिंतीपलीकडे 'न ऐकणारा माणूस' चालू होता. काजल नावाची मुलगी उभी होती, अबोल, मागच्या बाकावरची. ती काहीतरी पुटपुटली. शशीबेन ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, आत्ता वेळ नाही. ती पुन्हा बोलली. लक्ष देऊ नकोस. तिसऱ्या वेळी ती मोठ्यानं बोलली, माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. "सर मने अडे छे. सामानना ओरडामां." सर मला हात लावतात, सामानाच्या खोलीत. आणि तिनं सरांचं नाव घेतलं. हा सराव नव्हता, हे दोन्ही वर्गांना एकदम कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी दारात गेले तर शशीबेन तिला हाताशी धरून व्हरांड्यात घेऊन आल्या होत्या आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसल्या होत्या. म्हणत होत्या, "ऐकलं मी. ऐकलं हं."

ते सर म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक. नाव लिहीत नाही, खटला चालू आहे. सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. कुणाच्या पोराचं ॲडमिशन, कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं, नवरात्रात स्टाफचा गरबा, सगळीकडे हे पुढे. माझी स्कूटर दोनदा त्यांनी दुरुस्त करून आणलेली.

सोमवारी तक्रार समिती बसली. आचार्य, शशीबेन, संस्थेचे एक गृहस्थ आणि मी. माझं अक्षर चांगलं म्हणून नोंदवही माझ्यापुढे. काजल आली, आईचा हात धरून, आणि तेच वाक्य तसंच्या तसं बोलली. कुणी, कुठे, काय, सगळं त्यात होतं. ती बाहेर गेल्यावर आचार्य मला म्हणाले, "वंदनाबेन, जरा सारी भाषामां लखो ने." जरा बऱ्या भाषेत लिहा ना. मुलीच्या नावाचा प्रश्न आहे, शाळेचा आहे. जवा दो ने, जाऊ द्या ना, एवढं काय ताणायचं.

आणि मी लिहिलं: 'विद्यार्थिनीला शिक्षकांच्या वर्तनामुळे संकोच वाटला.'

शशीबेननी वही ओढून वाचलं. म्हणाल्या, "वंदना, ती 'संकोच' म्हणाली का?" मी पेनाला टोपण लावलं. "ती 'अडे छे' म्हणाली. कुठल्या खोलीत तेही म्हणाली. तुला ऐकू आलं ना?"

मी म्हटलं, "अर्थ तोच होतो, बेन."

त्यांनी सही केली नाही. माझी सही झाली. त्यांना शब्द कळला नव्हता म्हणून त्या चुकल्या होत्या. मला शब्द पुरता कळला होता. यावर मी कितीही वेळा विचार केला तरी यातून सुटायची वाट सापडत नाही.

त्याच दुपारी काजलच्या आईला घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या. आचार्यांनी फोन करून परत बोलावलं, तर म्हणाल्या, शिक्षकाला कळलं की त्यानं कळवायचंच असतं, कायदा आहे, तुम्हीही या. कुणी गेलं नाही. फिर्यादीत मुलीचं वाक्य तिच्याच शब्दांत घ्यावं म्हणून त्या तिथे तास दोन तास अडून बसल्या. मराठीतल्या अडून, बरं का.

सरांना अटक झाली, गावात बभ्रा झाला, पेपरात शाळेचं नाव नव्हतं तरी सगळ्यांना कळलं. आणि स्टाफरूम शशीबेनवर उलटली. कुणी भांडलं नाही, भांडले असते तर बरं झालं असतं. चहाचा ट्रे फिरायचा आणि त्यांच्यापाशी यायचा तेव्हा कप संपलेले असायचे. त्या आल्या की बोलणं थांबायचं. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर रोज कुणीतरी आधीच बसलेलं. मग त्या प्रयोगशाळेतच डबा खायला लागल्या. मी एकदा जिन्यावरून पाहिलं. उघड्या दारातून दिसत होतं, उंच स्टुलावर बसून एकट्या जेवत होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. आत जावं असं मला वाटलं. मी गेले नाही. वर्गाची घंटा झाली, असं मी स्वतःला सांगितलं. झाली नव्हती.

शनिवारचा तास काढून घेतला, तिथे चित्रकला आली. रविवारचा फोनही बंद झाला. कुकर लावलाय म्हणायची वेळच त्यांनी माझ्यावर आणली नाही. काजलचं नाव तिच्या आईनं काढून दुसऱ्या शाळेत घातलं. शशीबेन निवृत्त झाल्या त्या दिवशी आचार्य रजेवर होते. दोन शब्द बोलायला कुणी उठेना, शेवटी शिपाई रमणभाई उठले आणि म्हणाले, बेन कधी कुणाला ओरडल्या नाहीत. एवढंच. शशीबेननी सगळ्यांना हात जोडले. माझ्यासमोरून जाताना थांबल्या नाहीत, टाळलंही नाही.

दोन वर्षांनी मला समन्स आलं. आरोपीच्या वकिलांनी ती नोंदवही कोर्टात काढायला लावली होती. शाळेच्या समितीनं त्याच दिवशी लिहिलंय, नुसता संकोच. मग हात लावल्याचं कुठून आलं? गद्रेबेननी शिकवून वदवून घेतलं. दर शनिवारी त्या मुलींना असली वाक्यं पाठ करायला लावायच्या, हे वर्गच सांगेल. माझं एक ओळीचं सुंदर अक्षर. तेवढ्यावर त्या पोरीला खोटं ठरवायचं होतं.

त्या दिवशी काजलची उलटतपासणी होती आणि माझी साक्ष. असले खटले बंद दाराआड चालतात, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. व्हरांड्यात बाकावर शशीबेन बसलेल्या. केस पांढरे झाले होते. मी समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. बोलायची हिंमत नव्हती आणि साक्षीआधी बोलायचंही नसतं.

आत वकिलांनी वही दाखवून विचारलं, "हे अक्षर तुमचं?" माझं. "मुलीनं जे सांगितलं तेच तुम्ही लिहिलं?" मी म्हटलं, नाही. "सर मने अडे छे, सामानना ओरडामां. हे ती म्हणाली. मी लिहिलं नाही." वकील म्हणाले, का नाही लिहिलं? मी म्हटलं, "भीती वाटली. नोकरीची, लोकांची. मुलगी घाबरली नव्हती, मी घाबरले." न्यायाधीशबाईंनी ते सगळं टंकलेखकाला सांगितलं, शब्द न बदलता. टंकलेखकानं मध्येच विचारलं, अडे छे की स्पर्श करे छे? बाई म्हणाल्या, जे साक्षीदार बोलली ते.

बाहेर आले. मी शशीबेनपाशी गेले. म्हटलं, "सांगितलं मी. ती जे म्हणाली होती ते, तसंच." काय अपेक्षा होती माझी कोण जाणे. हात धरतील, रडतील. "तेव्हा लिहिलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर आज त्या पोरीला एवढे प्रश्न विचारले नसते." आवाजात राग नव्हता. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

मग बाजूच्या खोलीचं दार उघडलं आणि उलटतपासणी आटोपून तिथे थांबलेली काजल बाहेर आली. तीन वर्षांत केवढी मोठी झाली होती, खांद्याला कॉलेजची बॅग. तिनं इकडेतिकडे पाहिलं. शशीबेन उठून उभ्या राहिल्या, हात किंचित पुढे गेला. काजलची नजर त्यांच्यावरून गेली. ओळखलं तिनं, मला दिसलं ते. आणि ती त्यांच्या बाजूनं सरळ पुढे, जिन्याशी उभ्या असलेल्या आईपाशी गेली. आई मागे वळून जरा हसली, अवघडून. मुलीनं आईचा पदर ओढला, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

मला इतका संताप आला! मी म्हटलं, "अहो, ही काय रीत झाली? तुमच्याशी एक शब्द नाही?"

"मला पाहिलं की तिला ती खोली आठवत असेल," शशीबेन म्हणाल्या. "जाऊ दे. विसरू दे तिला." पुढे केलेला हात त्यांनी पदरात घेतला.

मी म्हटलं, चला, गोत्रीला सोडते तुम्हाला, स्कूटर आहे. त्या नको म्हणाल्या. पिशवी घेऊन कारकुनाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी जिन्यात रेंगाळले. त्यांची पाळी आली तेव्हा कारकून वैतागून म्हणाला, "बेन, तुमची साक्ष केव्हाच झाली. त्या मुलीचीही आज संपली. आता वकील बोलतील. तुमचं काय काम? दर तारखेला कशाला येता?"

"आत कुणीतरी तिच्याबद्दल बोलत असेल," त्या म्हणाल्या, "तेव्हा बाहेर कुणीतरी असावं. पुढची तारीख सांगा."

त्यानं सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, आणि मग पुन्हा विचारली, नीट ऐकली की नाही याची खात्री करायला.